खाडीपलीकडची प्रार्थना

‘मागे राहिलेले’ हा यंदाच्या अंकाचा विषय संपादकांनी फोनवर सांगितला, तेव्हा डोळ्यांसमोर आधी माणसं आलीच नाहीत. आला तो एक मनोरा, रेवदंड्याची सातखणी. लहानपणी सुट्टीत मुरूडला जाताना एसटीच्या खिडकीतून मी तो शोधायची. माडांच्या झावळ्यांतून डोकं वर काढलेला, काळा पडलेला, वरचे मजले ढासळलेला. ‘फिरंग्यांचं देऊळ होतं,’ एवढं घरची मोठी माणसं सांगत. त्या देवळात येणाऱ्या माणसांचं पुढे काय झालं, हे मीही कधी विचारलं नाही. मनोरा मागे राहिला आणि माणसं गेली, असंच मनात बसलं होतं. श्रावण सरता सरता मी रेवदंड्याला गेले ती हा मनोरा पाहायला. तीन दिवसांनी परतले, ती खाडीच्या पलीकडच्या गावाचा विचार करत.

माडांखालची वेदी

रेवदंड्याच्या कोटात आपण शिरलो आहोत हे चटकन कळत नाही. अलिबागहून येणारी सडक तटातून आत जाते आणि आत पुन्हा गावच असतं. घरं, दुकानं, नारळी-पोफळीच्या वाड्या. तट समुद्राच्या बाजूने लांबवर धावतो, त्याच्या पोटात ही हिरवी दाटी. चर्चचे अवशेष पाहायचे तर कुणाच्या तरी वाडीतून जावं लागतं. एका वाडीच्या मालकीणबाईंनी ‘सांभाळून हां, शेवाळ धरलंय सगळीकडे’ म्हणत वाट दाखवली आणि त्या परत आपल्या सोडणाच्या ढिगाकडे वळल्या.

पोर्तुगीज अमदानीत या कोटात फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, जेझुइट आणि ऑगस्टिनियन अशा चार संन्यासी संघांची चर्चं आणि मठ होते. शिवाय शहराचं म्हणून एक मुख्य चर्च होतं. सातखणी हा फ्रान्सिस्कनांच्या चर्चचा मनोरा, संत बार्बराच्या नावाचा. नावाप्रमाणे एके काळी सात मजल्यांचा. एवढ्याशा कोटात एवढी चर्चं कशाला, असा प्रश्न पडतो. त्याचं उत्तर त्या काळच्या रीतीत आहे. मुख्य चर्च हे वस्तीचं. बाप्तिस्मा, लग्न, मूठमाती हे सगळं तिथे. संघांची चर्चं ही ज्या त्या संघाच्या मठाला जोडलेली. श्रीमंत घराणी त्यांना देणग्या देत आणि आपल्या घराण्याला चर्चच्या जमिनीखाली पुरण्यासाठी जागा मिळवत. म्हणूनच अशा ठिकाणी पायाखाली पाहत चालावं लागतं. एखादी लांबट शिळा म्हणजे कुणाच्या तरी थडग्याचं झाकण असतं.

डोमिनिकनांच्या चर्चपाशी मी बराच वेळ उभी होते. आतल्या बाजूला वेदीच्या वरची दगडी कमान, अर्ध्या पिंपासारखी गोल, अजून तग धरून आहे. अलीकडे मात्र, जिथे लोक बसत, गुडघे टेकत, तिथे वर नुसतं आभाळ. वसईच्या किल्ल्यातही असंच दिसतं. याचं कारण साधं आहे. वेदीवरचं छत दगडाचं बांधत. लोकांच्या डोक्यावरचं छत लाकडी वाशांचं आणि कौलांचं. राखणारे हात गेले की पहिल्या काही पावसाळ्यांत कौलं सरकतात, वासे कुजतात, उरलेलं लाकूड लोक उचलून नेतात. मग भिंतींत वड-पिंपळ रुजतात. लोकांची जागा उघडी पडते आणि वेदीची जागा उभी राहते.

खाडीपलीकडे जाऊन आल्यावर ध्यानात आलं, की माणसांच्या बाबतीत इथे याच्या नेमकं उलट घडलं आहे. वेदी सांभाळणारे गेले आणि समोर जमिनीवर गुडघे टेकणारे मागे राहिले.

कुणाचं शहर होतं ते?

रेवदंड्याचा हा कोट म्हणजेच पोर्तुगीजांचं चौल. चौल हे बंदर पोर्तुगीजांच्या कितीतरी शतकं आधीपासून नावाजलेलं. अरब प्रवाशांनी त्याच्याबद्दल लिहिलं, रशियाचा अफनासी निकितीन पंधराव्या शतकात इथेच उतरला. पोर्तुगीज आले ते घोडे, कापड आणि मसाल्याच्या या व्यापारासाठी. १५०८मध्ये इथल्या खाडीतल्या लढाईत त्यांच्या पहिल्या व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा मारला गेला. १५१६मध्ये त्यांनी इथे वखार घातली आणि १५२१मध्ये अहमदनगरच्या निजामशहाकडून किल्ला बांधण्याची परवानगी मिळवली. पुढे शंभर-दोनशे वर्षं किल्ल्यातलं चौल हे वसई, दमण यांच्या बरोबरीने त्यांच्या ‘उत्तरेच्या प्रांता’तलं एक महत्त्वाचं ठाणं होतं.

पण किल्ल्यातलं शहर म्हणजे फक्त पोर्तुगालहून आलेले लोक नव्हेत. ते मूठभरच. इथल्या बायकांशी लग्न करून स्थायिक झालेले शिपाई होते, त्यांना ‘कझादो’ म्हणजे लग्न झालेले म्हणत. त्यांची इथेच जन्मलेली मुलं होती. घराघरांत गुलाम होते, आफ्रिकेतून आणलेले आणि इथले. आणि या सगळ्यांचं पाणी भरणारे, ओझी वाहणारे, गलबतांवर चढणारे, शेतात राबणारे असे आसपासच्या गावांतले लोक होते. यांतल्या बऱ्याच जणांनी बाप्तिस्मा घेतला. कुणी श्रद्धेने, कुणी दडपणाखाली, कुणी चाकरी आणि संरक्षण मिळेल म्हणून, कुणी गावकुसाबाहेरच्या जगण्यातून सुटका म्हणून. एकेका माणसाचं कारण आज वेगळं काढता येणार नाही. पण हे लोक समाजाच्या अगदी खालच्या पायरीवरून आले होते, एवढं खरं.

हाताखालच्या माणसांचा आणि मालकांचा व्यवहार कोणत्या शब्दांत चालत असेल, याची खूण आपल्या मराठीतच आहे. पगार, चावी, बादली, घमेलं, लिलाव, तुरुंग, पाद्री. हे सगळे शब्द पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आले. एकापाठोपाठ एक वाचले की एक अख्खी राजवट समोर उभी राहते. मजुरी कुणी दिली, किल्ल्या कुणाच्या कमरेला होत्या, माल कसा विकला गेला, कोंडलं कुठे गेलं आणि प्रार्थना कुणी शिकवली.

आपण शब्द घेतले आणि आपली भाषा बोलत राहिलो. किल्ल्याच्या आतल्या स्वयंपाकघरांत आणि अंगणांत मात्र वेगळं काही घडत होतं. मराठी बोलणारी आई, पोर्तुगीज बोलणारा बाप किंवा धनी, आणि या दोघांमध्ये वाढणारी मुलं. या मुलांच्या तोंडी जी बोली तयार झाली तिच्यातले शब्द पोर्तुगीज होते, पण ते शब्द ज्या क्रमाने येत आणि ज्या तऱ्हेने एकमेकांना जोडले जात, ती घडण दोन-तीन पिढ्यांत मराठीच्या अंगाने जात राहिली. अशा बोलीला भाषाशास्त्रात क्रिओल म्हणतात.

१७३९मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने वसई घेतली. त्यानंतर चौल एकट्याने टिकणं अशक्य होतं. १७४०च्या तहात चौल आणि समोरचा कोर्लईचा किल्ला मराठ्यांकडे आला. अधिकारी गेले, मठांतले संन्यासी गेले, ज्यांच्याजवळ गलबताचं भाडं आणि गोव्यात आसरा होता ती घराणी गेली. मराठी इतिहासात हे प्रकरण विजयाचं, आणि ते तसं आहेच. पण त्या पानाच्या मागच्या बाजूला एक छोटी वस्ती उरते. ज्यांना न्यायला कुणी आलं नाही, ज्यांचं गोव्यात कुणी नव्हतं आणि ज्यांना परत जायला आधीची जागा उरली नव्हती, अशा ख्रिस्ती मजुरांची. ती वस्ती खाडीच्या दक्षिण काठाला, कोर्लईच्या डोंगराच्या पायथ्याशी आली आणि तिथेच राहिली.

पाण्याने तीन बाजूंनी

रेवदंड्याहून साळावच्या पुलावरून कुंडलिकेची खाडी ओलांडली की उजवीकडे वळायचं. हा पूल झाला १९८६मध्ये. त्याआधी खाडी ओलांडायची ती होडीने, नाहीतर जमिनीवरून खूप लांबचा वळसा घालून. कोर्लईचा डोंगर खाडीच्या मुखाशी सुसरीसारखा पसरलेला आहे. शेपूट गावाकडे, तोंड समुद्रात. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला आणि उत्तरेला खाडी. किनाऱ्याला कोळ्यांच्या होड्या, काठ्यांवर रंगीत निशाणं, दोऱ्यांवर वाळत घातलेले बोंबील. पावसाची उघडीप पाहून बायका जाळी झटकत होत्या. चढण लागली की ख्रिस्ती वस्ती येते. दारावर क्रूस, अंगणात तुळशीवृंदावनाच्या जागी छोटा चबुतरा, त्यावरही क्रूस, त्याला वाहिलेली जास्वंद. बाकी सगळं कोकणातलंच. उंबऱ्याबाहेर काढलेल्या चपला, पडवीतला झोपाळा, चुलीच्या धुराचा वास.

भाषा ऐकू येईपर्यंत आपण अलिबाग तालुक्याच्या शेजारच्या कुठल्याही गावात आहोत असं वाटतं. दोन बायका पाण्याच्या नळाशी बोलत होत्या. चाल ओळखीची वाटली, स्वर चढतो कुठे आणि उतरतो कुठे तेही ओळखीचं. शब्द मात्र एकही कळेना. मला पाहून त्या थांबल्या आणि थेट मराठीत म्हणाल्या, ‘कुणाकडे आलाव?’

या भाषेला इथले लोक ‘नो लिंग’ म्हणतात, म्हणजे ‘आपली भाषा’. अभ्यासक तिला कोर्लई क्रिओल म्हणतात. बोलणारे हजाराच्या आतबाहेर, जवळजवळ सगळे या एका गावातले. पोर्तुगीज भाषेत ‘घर पेद्रूचं’ असा क्रम असतो, नो लिंगमध्ये ‘पेद्रूचं घर’. पोर्तुगीजमध्ये क्रियापद मधे येतं, इथे ते मराठीसारखं वाक्याच्या शेवटी जाऊन बसतं. लिस्बनहून आलेल्या माणसाला सुटे शब्द ओळखता येतील, पण वाक्य हातातून निसटेल. मला वाक्याचा ताल कळत होता आणि शब्द निसटत होते. दोन भाषांचे लोक या एका भाषेच्या दोन दारांशी उभे राहतात, आत राहतात ते फक्त कोर्लईकर.

मुंबई, वसई आणि चौलच्या भागात अशाच पोर्तुगीज वळणाच्या बोली एके काळी बऱ्याच ठिकाणी होत्या. गोव्याचे धर्मगुरू आणि मोठे भाषापंडित सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो यांनी १९०६मध्ये ‘उत्तरे’तल्या या बोलीवर लिहिलं. त्यानंतर मुंबई परिसरात ती मराठी आणि इंग्रजीच्या पोटात गेली. कोर्लईत ती टिकली. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने तिच्या जडणघडणीवर १९९६मध्ये पुस्तक लिहिलं. त्यांनी टिकण्याची जी कारणं दिली आहेत, ती गावात फिरताना आपल्यालाही दिसत राहतात.

पाणी हे एक कारण. जातीची भिंत हे दुसरं, आणि तेच जास्त बोचणारं. धर्म बदलला तरी आजूबाजूच्या गावांच्या लेखी या लोकांची जुनी जात पुसली गेली नाही. त्यांच्याशी सोयरीक कुणी करत नव्हतं. मुंबई-वसईचे ख्रिस्ती दूर. म्हणून लग्नं गावातल्या गावात होत राहिली. मुलीला दुसऱ्या भाषेच्या घरात नांदायला जायचं नव्हतं आणि परभाषेची सून घरात यायची नव्हती. ही भाषा जपली गेली ती कुणी अभिमानाने जपली म्हणून नाही. ज्या वेगळेपणाने या लोकांना दोनशे वर्षं बाजूला ठेवलं, त्याच वेगळेपणात ती सुरक्षित राहिली. एखाद्या भाषेच्या टिकण्याचा आनंद मानताना ही किंमत कुणी मोजली, हे मला विसरता येत नाही.

तिसरं कारण म्हणजे चर्च.

चोपडीतलं नाव

कोर्लईचं चर्च माउंट कार्मेलच्या मातेचं. कार्मेल हा आजच्या इस्रायलच्या किनाऱ्यावरचा डोंगर, हैफा शहराजवळ समुद्रात घुसलेला. त्या डोंगरावरच्या संन्याशांनी मरियेला आपली पाठराखीण मानलं आणि ‘दर्याचा तारा’ हे तिचं नाव त्या डोंगराशी जोडलं गेलं. कोर्लईच्या चर्चला हे नाव कुणी आणि काय मनात धरून दिलं असेल ते असो, पण समुद्रात घुसलेल्या डोंगराखाली तीच माता आहे याचं मला फार अप्रूप वाटलं. कार्मेलच्या मातेचे भक्त गळ्यात तपकिरी कापडाचे दोन छोटे चौकोन दोरीला शिवून घालतात, एक छातीवर, एक पाठीवर. तिचा सण १६ जुलैला. कोकणात तो भरपावसात येतो, भाताच्या लावणीच्या दिवसांत.

चर्चची इमारत आपण पाहतो, धर्मग्राम दिसत नाही. वसईकडच्या मराठीत पॅरिशला धर्मग्राम म्हणतात आणि हा शब्द फार नेमका आहे. धर्मग्राम म्हणजे हद्द, त्या हद्दीतली माणसं, त्यांच्यासाठी नेमलेला एक धर्मगुरू आणि त्या माणसांच्या नोंदीच्या चोपड्या. सोळाव्या शतकात ट्रेंटच्या धर्मपरिषदेने बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या नोंदी ठेवणं प्रत्येक धर्मग्रामाला बंधनकारक केलं. मृत्यूची नोंदही पुढे नियमात आली. पद्धत साधी आणि चिवट आहे. मूल जन्मलं की बाप्तिस्म्याच्या चोपडीत त्याचं नाव, आईबापांची नावं, धर्ममाता आणि धर्मपिता. लग्न ठरलं की बाप्तिस्म्याचा दाखला आणायचा. मग रविवारच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, जाहीर पुकारा, कुणाची हरकत असेल तर कळवा म्हणून. लग्न लागलं की बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदीसमोर त्याची टीप. म्हणजे माणूस कुठेही गेला तरी त्याच्या आयुष्याचा धागा जिथे बाप्तिस्मा झाला त्या चोपडीशी बांधलेला राहतो.

ज्या माणसांचं नाव महसुलाच्या कागदावर यायला जमीन नव्हती आणि शाळेच्या पटावर यायला शाळा नव्हती, त्यांचं नाव इथे लिहिलं जात होतं. हे छोटं वाटेल. पण ‘मागे राहिलेल्या’ माणसांसाठी एवढ्या एका चोपडीत आपण कुणीतरी आहोत याचा पुरावा होता.

नोंद लिहिणारा माणूस यायचा कुठून? इथे एक शब्द समजून घ्यावा लागतो, पाद्रुआदो. पोपने पोर्तुगालच्या राजाला दिलेला हा अधिकार होता आणि जबाबदारीही. पूर्वेकडच्या चर्चमध्ये बिशप आणि धर्मगुरू राजाच्या शिफारशीने नेमायचे, त्यांचा खर्च राजाने करायचा. कोकणातून पोर्तुगीज सत्ता गेली तरी पाद्रुआदो गेला नाही. रोमने १६२२मध्ये स्थापलेली प्रॉपगांडा फिदे ही वेगळी यंत्रणा आणि पाद्रुआदो यांच्यात मुंबईच्या एकेका चर्चवरून पिढ्यान्‌पिढ्या ओढाताण चालली. १८८६च्या करारानंतर दमणचा धर्मप्रांत झाला, त्याच्या छायेत उत्तरेकडची पाद्रुआदोची धर्मग्रामं आली. १९२८मध्ये ती दुहेरी व्यवस्था मोडली आणि ही गावं मुंबईच्या महाधर्मप्रांताकडे गेली. कोर्लई आजही त्यातच आहे.

या दरबारी भांडणाचा कोर्लईच्या पडवीवर एक परिणाम झाला. पाद्रुआदोमुळे इथे येणारे धर्मगुरू पोर्तुगीज जाणणारे असत, आणि हे अगदी १९६०च्या दशकापर्यंत चाललं. पेशवाई बुडाली, आंग्र्यांचं कुलाबा संस्थान खालसा झालं, इंग्रज आले आणि गेले. तोवर कोर्लईच्या मुलांना प्रार्थना आणि धर्मशिक्षण पोर्तुगीजमध्ये मिळत राहिलं. घरातल्या बोलीच्या थोरल्या बहिणीचा आवाज दर रविवारी वेदीवरून ऐकू येत होता. जुने शब्द त्यामुळे ताजे राहिले. बोलीला जमीन मराठीची होती, पाणी पोर्तुगीजचं मिळत गेलं.

आणि तरी वेदीवर नो लिंग कधीच चढली नाही. मिस्सा लॅटिनमध्ये, प्रवचन आणि गीतं शुद्ध पोर्तुगीजमध्ये. मजुरांची बोली ती, तिच्यात देवाशी अधिकृतपणे बोलावं असं कुणाला वाटलं नसावं. ती अंगणात राहिली, चुलीपाशी राहिली, पाळण्याशी आणि तिरडीशी राहिली.

‘प्रभू तुमच्याबरोबर असो’

रविवारी सकाळी मी मिस्सेला गेले. पाऊस पडून गेला होता, दाराशी छत्र्यांचा ढीग होता. आत डाव्या-उजव्या बाजूंना माणसं दाटीने बसली होती. बायका चापूनचोपून साड्या नेसलेल्या, मुलींच्या केसांत अबोली. धर्मगुरूंनी हात पसरले आणि मराठीत मिस्सा सुरू झाली. उत्तरं मराठीत, वाचन मराठीत, गीतंही मराठीत, पेटीच्या साथीने. पुढच्या बाकावरची एक आजी पुस्तकात न बघता सगळं म्हणत होती. तिच्या हातात जपमाळ होती आणि मिस्सा सुरू होण्याआधी तिचे ओठ हलत होते तेव्हा ते शब्द मराठी नव्हते.

दोन तारखा इथे जवळजवळ येतात. डिसेंबर १९६१मध्ये गोवा भारतात आला आणि कोकणकिनाऱ्यावरची पोर्तुगीज सत्ता संपली. त्यानंतर दोन वर्षांनी, ४ डिसेंबर १९६३ला, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकांच्या भाषा वापरायची वाट मोकळी केली. जगभरच्या चर्चमध्ये लॅटिन मागे पडली आणि ज्या त्या गावाची भाषा वेदीवर आली. कोर्लईची भाषा कुठली ठरली? मराठी.

मला यात कुणाचा दोष दिसत नाही. मराठी ही राज्याची भाषा, शाळेची भाषा, बाजाराची भाषा. गावातल्या प्रत्येकाला ती येत होती. ख्रिस्ती प्रार्थनेची मराठीला सवयही जुनी. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६मध्येच छापलं गेलं होतं. आणि लॅटिनमधल्या ज्या शब्दांना लोक चारशे वर्षं नुसती मान झुकवत होते, ते पहिल्यांदा त्यांना सरळ समजले. ते समजण्याचा हक्क कुणाकडून काढून घ्यावा असं मी म्हणणार नाही. पण नो लिंगच्या बाजूने पाहिलं तर ज्या सावलीत ती वाढली ती सावली निघून गेली, आणि नवी सावली दुसऱ्या झाडाची होती. परदेशी भाषा वेदीवर होती तोवर ही बोली जगली. स्वतःच्या मातीतली भाषा वेदीवर आली आणि तिची वाट अवघड झाली. एक मराठी लेखिका म्हणून हे वाक्य मला जड जातं, पण ते लिहायलाच हवं.

मिस्सा संपली. दाराबाहेर पाऊल पडताक्षणी भाषा बदलली. ज्या तोंडांतून आत्ताच मराठी गीत ऐकलं होतं त्यांतून नो लिंगचा लोंढा बाहेर आला. कुणी कुणाची चौकशी करत होतं, कुणी मुलाचा कान धरला होता, दोन म्हातारे कोपऱ्यात काहीतरी आठवून हसत होते. उंबऱ्याच्या आत एक भाषा आणि बाहेर दुसरी, आणि मधे दगडाची एक पायरी. मी त्या पायरीवरच उभी होते. एका ताईंनी विचारलं, ‘चा घेणार ना?’ आणि आत वळून तोच प्रश्न बहुधा दुसऱ्या भाषेत दुसऱ्या कुणाला विचारला.

वरचं चर्च

दुपारी डोंगरावर गेले. दीपगृहाच्या बाजूने चढ आहे, पावसाळ्यात निसरडा. ही टेकडी १५९०च्या दशकात निजामशाहीने बांधून काढली ती समोरच्या पोर्तुगीज चौलचा गळा आवळायला. १५९४मध्ये पोर्तुगीजांनी ती जिंकून घेतली आणि आपल्या पद्धतीने तट-बुरुज उभे केले. सोंडेसारख्या लांबट माथ्यावर आडव्या भिंती घालून एकामागोमाग एक असे भाग पाडले आहेत, एक पडला तर पुढचा लढवावा म्हणून. माथ्यावर एक चर्च आहे. छप्पर नाही. भिंती आणि दार आहे, आत गवत छातीइतकं वाढलेलं. शिबंदीसाठी ते बांधलं होतं. तोफा, दारू, पाण्याचं टाकं आणि प्रार्थनेची जागा, एवढ्यावर वेढा काढता यायचा.

त्या दारातून एका बाजूला सातखणी दिसते, खाडीपलीकडे, माडांवर. दुसऱ्या बाजूला खाली गाव आणि गावातलं चर्च. ज्यांच्यासाठी दगडाची कमान बांधली गेली त्या दोन्ही जागा रिकाम्या आहेत. जे डोंगर चढून वर दगड नेत होते त्यांच्या वंशजांचं चर्च खाली भरलेलं आहे. त्याच्या भिंतीला दर पावसाळ्यानंतर कुणीतरी चुना लावतं, कुणीतरी घंटेची दोरी बदलतं, कुणीतरी वेदीवरची वस्त्रं धुऊन इस्त्री करतं. इमारत टिकते ती अशी. रेवदंड्यात हे हात उरले नाहीत, एवढाच फरक.

पूल झाल्यापासून गाव उघडं झालं आहे. साळावचा लोखंडाचा कारखाना, अलिबागची कॉलेजं, मुंबईतल्या नोकऱ्या, आखाती देश, आणि शनिवार-रविवारी किनाऱ्यावर येणाऱ्या गाड्या. मुली गावाबाहेर दिल्या जातात, बाहेरच्या सुना येतात. जातीची भिंत पातळ होते आहे, ती व्हायलाच हवी होती. तिच्या आड जे जगलं त्याला आता दुसरा आधार शोधावा लागेल. भाषेचे अभ्यासक येतात, ध्वनिमुद्रणं करतात, शब्द नोंदवतात. पण भाषा संग्रहात ठेवणं आणि तिच्यात मुलाला रागावणं यांत फार अंतर आहे, आणि दुसरं काम गावाबाहेरचं कुणी करू शकत नाही.

संध्याकाळी खाली उतरले तेव्हा चर्चसमोरच्या मोकळ्या जागेत पोरांचा क्रिकेटचा डाव रंगला होता. यष्टी म्हणून विटा रचलेल्या. चेंडू डबक्यात गेला आणि भांडण पेटलं, धाव पुरी झाली की नाही यावरून. सहा-सात पोरं एकाच वेळी ओरडत होती आणि सगळं भांडण नो लिंगमध्ये चाललं होतं, इतक्या वेगाने की एक शब्दही सुटा पडेना. शेवटी त्यांतल्या थोरल्याने हात वर केला. सगळी गप्प झाली. त्याने धावा मोजायला घेतल्या, शाळेत शिकवतात तशा, मोठ्याने, मराठीत. एकवीस, बावीस, तेवीस. तेविसावर पुन्हा भांडण सुरू झालं.